मामांची धुंड

१९५९ सालच्या होळीला, घाटंजीच्या पुढे असलेल्या एका बंजारा तांड्यावर, मनाच्या रोगांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरच तांड्याने उपचार केले. हे डॉक्टर माझ्या बायकोचे सख्खे मामा. मी तेव्हा यवतमाळला नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि मामांच्या सोबतीला म्हणून तिथे हजर होतो. पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी पाहिलेले आहे. जे पाहिले नाही ते कोणी सांगितले, तेही लिहिले आहे.

मामांइतका घाबरट माणूस मी यवतमाळ जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि लोकांची भीती घालवणे हाच त्यांचा व्यवसाय होता. ते कशाकशाला भीत, यापेक्षा कशाला भीत नसत ते सांगणे सोपे आहे. ज्यांना गाव वेडे म्हणते त्या माणसांना ते भीत नसत. बाकी पाल, कुत्रा, वीज, पूल, पंगतीत आग्रह करणारे व्याही, उलट्या दिशेने मागे येणारी मोटार, तार घेऊन येणारा शिपाई आणि उतू जाऊ पाहणारे दूध, या सगळ्यांना भीत. घराला कुलूप लावले की ते समोरच्या पानठेल्यावर जाऊन उभे राहत आणि कुलूप लागलेलेच आहे ना, हे लांबून पाहत बसत. शेवटी ठेलेवालाच म्हणे, "डाक्टरसायेब, तुमी जा, मी पाहून राह्यलो त्याच्याकडं." पत्र पेटीत टाकले की पेटीवर थाप मारत, चार घरे पुढे जात, परत येत आणि पुन्हा एक थाप मारत. मोटारीत बसायचे झाले तर ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरत आणि त्याला रात्री झोप लागली का, घरी सगळे ठीक आहे ना, असे हळू आवाजात विचारत. एकदा नेरच्या वाटेवर एका ड्रायव्हरला हे विचारणे इतके भिडले की बायको रुसून माहेरी गेल्याची हकीकत सांगता सांगता त्याने गाडी बाभळीखाली उभी केली. उतारू खाली उतरून विड्या ओढत बसले. हकीकत संपल्यावर ड्रायव्हरने डोळे पुसले, गाडी चालू केली, आणि मामांनी मागून विचारले, "आता लक्ष रस्त्यावर राहील ना?"

आमच्या घरी ते रोज सकाळी येत. मी वर्तमानपत्राचा माणूस, म्हणजे जगात जे काही वाईट घडते ते आधी माझ्याकडे येते आणि मी ते घरात साठवून ठेवतो, अशी त्यांची समजूत होती. दारातूनच विचारत, "जावईबापू, आज फार वाईट काही नाही ना छापलं?" मी म्हणे की नेहमीइतकेच आहे. मग ते धीर करून आत येत, अंक मागत आणि कापसाचे भाव वाचत. भाव चढलेले असले तरी त्यांना काळजी वाटे, कारण चढलेले उतरतात. माझ्या बायकोने चहा आणला की चुलीवर काही ठेवलेले तर नाही, हे विचारल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत.

त्यांचा जन्म बाभुळगावचा. वडील शाळामास्तर, स्वभावाने कडक. आई इतकी जपणारी की मुलगा विहिरीकडे गेला तर ती दोन्ही हातांनी त्याची कमीज धरून मागे चाले. वैद्यकाची परीक्षा पास झाल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेची वाट सोडली, कारण रक्त. बाळंतपणाची सोडली, कारण किंकाळ्या. उरली ती वेड्यांच्या इस्पितळातली नोकरी, जी दुसऱ्या कोणाला नको होती. तिथे ते बरीच वर्षे राहिले आणि तिथेच त्यांना त्यांची पद्धत सापडली. ती कशी सापडली हे मला त्यांनीच सांगितले. वॉर्डात एक माणूस होता, जो आल्या दिवसापासून बोललेला नव्हता. मामा त्याची नाडी पाहत असताना छतावरून पाल पडली. मामा टेबलावर चढले. तो माणूस उठला, झाडूने पाल दाराबाहेर घालवली, परत येऊन टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "गेली. उतरा." वरच्या साहेबांनी मामांना टेबलावर चढल्याबद्दल समज दिली. मामांनी मात्र त्या दिवसापासून स्वतःची भीती रुग्णांपासून लपवणे बंद केले. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मामा नोकरी सोडून यवतमाळला आले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण मामांना बरेच दिवस वाटत होते की असावा.

यवतमाळला त्यांनी कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या घेतल्या. पाटीवर फक्त नाव आणि पदवी घातली. मनाच्या रोगांचे नाव पाटीवर असते तर आत शिरणाऱ्याला सगळ्या गल्लीने पाहिले असते. त्यामुळे लोक ताप, खोकला, खरूज घेऊनही येत, आणि मामा त्यांनाही औषध देत. ज्यांचे दुखणे वेगळे होते तेही म्हणत की छाती धडधडते, पोटात गोळा उठतो, हातापायांतून मुंग्या जातात. मामा नाडी पाहत आणि त्यांना आतल्या खोलीत नेत. तिथे दोन खुर्च्या एकमेकींच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या. समोरासमोर बसून फक्त फौजदार बोलतो, असे त्यांचे म्हणणे होते. खिडकीतून कापसाच्या गाड्या जाताना दिसत. आधी गाड्यांविषयी बोलणे होई; कोणाचा बैल लंगडतो, कोणी गाडी जास्त भरली आहे. मग बोलणे आपोआप घरावर येई. मामा कोणाला रुग्ण म्हणत नसत, पाहुणे म्हणत. आणि पाहुण्याने आपली भीती सांगितली की मामा आपली सांगत. ती बहुधा जास्त मोठी असे.

नेरहून येऊन यवतमाळच्या बाजारात स्थिरावलेला एक अडत्या होता. झोपेत आपण मरणार, असे त्याच्या मनाने घेतले होते आणि म्हणून तो रात्रभर गादीवर बसून राही. मामांनी त्याचे ऐकले आणि म्हणाले की हीच भीती मलाही आहे, आणि तुम्हाला निदान बायको आहे, मी एकटा आहे. मी मेलो तर दुपारपर्यंत कोणाला कळणार नाही. त्यांनी अडत्याला विनंती केली की रोज सकाळी बाजारात जाण्याआधी दार वाजवून मी जिवंत आहे एवढे पाहत जा. अडत्या जबाबदार माणूस होता. तो रोज पहाटे येऊ लागला. पहाटे उठायचे म्हणून रात्री वेळेवर झोपू लागला. काही महिन्यांनी मी त्याला बाजारात विचारले तेव्हा तो काळजीच्या सुरात म्हणाला, "माहं ठीक हाये हो, पन डाक्टराचं काई खरं नाई. एकट्या मानसानं असं राहू नये."

ही मामांची भीती खरी की उपचाराचा भाग, हे मला बातमीदार म्हणून जाणून घ्यायचे होते. मी त्यांना अनेकदा सरळ विचारले. ते दर वेळी म्हणत, "छापणार तर नाही ना?" आणि विषय तिथेच थांबे.

त्या वर्षी कापसाची गाडी घेऊन आलेला थावरू नावाचा एक बंजारा शेतकरी मामांच्या आतल्या खोलीत येऊन बसला. पूर्वी त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडत. आता घाटंजीच्या पुढे तांडा वसवून त्यांची पोरे कापूस, तूर, ज्वारी पिकवत होती. थावरूने बराच वेळ खिडकीबाहेरच्या बैलांविषयी मत दिले. मग म्हणाला, "बायको चांगली हाये माही. फक्त इस्तो दिसला का पानी टाकते."

इस्तो म्हणजे विस्तव. हकीकत अशी होती. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तांड्याला आग लागली होती. कुडाच्या भिंती, गवताची छपरे आणि दारोदारी रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे. एक ठिणगी पुरेशी होती. माणूस दगावला नाही. थावरूचा गोठा, शेजारची दोन घरे आणि एक बैल जळाला. ठिणगी कोणाच्या चुलीतली, हे ठरले नाही आणि कोणी कोणाचे नावही घेतले नाही. पण थावरूच्या बायकोने, गमलीने, ती आपलीच असे धरून घेतले. तेव्हापासून तिने घरची चूल पेटवणे सोडले. नंतर ती दुसऱ्यांच्या चुली विझवू लागली. सकाळी पाण्याची घागर कमरेवर घेऊन निघे आणि ज्या घरातून धूर दिसेल तिथे शिरून चुलीत पाणी ओती. तांड्यातल्या बाया आधी हसल्या, मग चिडल्या, मग एकीने पहारा ठेवायचा आणि दुसरीने भाकर टाकायची, अशी पाळी त्यांनी लावून घेतली. तिची सासू म्हणे की या सुनेपायी सगळा तांडा कच्च्या भाकरी खाऊन राहिला आहे. इथवर तांड्याने निभावून नेले. मागच्या वर्षी मात्र तिने पेटत्या होळीवर घागर रिकामी केली. त्या साली पाऊस कमी झाला आणि गुरे मेली. दोन्ही गोष्टी इतर गावांतही झाल्या होत्या, पण त्या गावांच्या होळ्या विझल्या नव्हत्या.

तांड्याच्या पंचायतीने, जिला ते नसाब म्हणतात, निर्णय दिला होता. यंदा गमलीने होळी विझवली तर थावरूने तिला वेड्यांच्या इस्पितळात पोचवावे आणि दुसरी बायको करावी. तिला होळीच्या दिवशी कोंडून ठेवावे का, असे मामांनी विचारले. थावरू म्हणाला की ते मागेच करून पाहिले. कोंडली की ती डोके आपटते, आणि शिवाय तांड्याचा प्रमुख, नाईक, म्हणतो की कोंडलेली सून ठेवण्यापेक्षा पाठवलेली बरी. मग तो मामांकडे न पाहता म्हणाला, "मले दुसरी नोको. तुमी या एक खेप."

मामा होय म्हणाले आणि लगेच घाबरले. संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यांनी माझ्या बायकोला सांगितले की जावईबापूंना काही दिवस माझ्याबरोबर पाठव. रस्त्यात पूल होता, पुढे बैलगाडी होती, तांड्यावर कुत्री असणार होती. ज्या इस्पितळात गमलीला पाठवायचे ठरले होते तिथली कुलपे मामांनी पाहिलेली होती. त्या संध्याकाळी त्यांनी चुलीविषयी विचारले नाही. त्यावरून मला कळले की या खेपेची काळजी वेगळी आहे.

होळी तोंडावर आली असताना आम्ही पोचलो. कुत्री होती. मामा गाडीतून उतरेनात. शेवटी थावरूने त्यांना हाताला धरून घरापर्यंत नेले, आणि ही गोष्ट सगळ्या तांड्याने पाहिली. गमली दाराशी बाजेवर बसली होती. तिशीच्या आतली, हाडापेराने मजबूत, नजर समोरच्या घरांच्या छपरांवर. घागर जवळच होती. मामांनी तिला काही विचारले नाही. बाजेच्या दुसऱ्या टोकाला, ती पाहत होती त्याच दिशेला तोंड करून ते बसले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी आतल्या चुलीकडे बोट दाखवले. सासूने लपून भाकर टाकली होती आणि गमलीने ती चूल नुकतीच विझवली होती.

"बाई," मामा म्हणाले, "ती नक्की विझली का?"

गमली उठली, राखेत हात घालून पाहिले आणि येऊन बसली. मामांनी थोड्या वेळाने पुन्हा विचारले. ती पुन्हा उठली. असे दुपारभर चालले. मामा मधून मधून आपल्या गोष्टी सांगत होते. कुलूप, पत्रपेटी, आईने धरलेली कमीज. सावलीत बसूनही त्यांच्या कपाळाला घाम होता. सासू दाराआडून पाहत होती. पाण्याच्या निमित्ताने शेजारच्या बाया येऊन जात होत्या. ऊन उतरले तेव्हा मामांनी पुन्हा विचारले की आत कुठे एखादा निखारा राहिला असेल का, आणि गमली पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघत बोलली.

"सांगतलं ना इझली म्हनून. कितीक खेप पाहू? तुमाले भेव वाटते तर तुमी जा, पाहा."

मामा गेले नाहीत. म्हणाले, माझी हिंमत होत नाही. गमलीने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले. उठून राखेत हात मात्र घातला नाही. आत भाकरी ठेवल्या होत्या त्यातली एक आणून त्यांच्या हातावर ठेवली आणि सासूला म्हणाली की या माणसाला काही खायला घातले का कोणी.

या दुपारचा तांड्याने जो अर्थ लावला तो मामांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. संध्याकाळी नाईकाच्या ओट्यावर नसाब बसली. मीही जाऊन बसलो. नाईक साठीचा, बोलण्यात सावकाश. त्याने सगळ्यांचे ऐकून घेतले: हा माणूस कुत्र्याला भितो, विझलेल्या चुलीला भितो, दुसऱ्याच्या हाताला धरून चालतो आणि बाईमाणसाजवळ बसून आपले दुःख सांगतो. नाईकाने माझ्याकडे पाहून विचारले की हा डॉक्टर कोणाचा इलाज करतो. मी सांगितले, भीतीचा. मग नाईक म्हणाला, "बाप्पा, थो डाक्टर नाई. थो बिमार हाये. मोठ्या डाक्टरानं त्याले आपल्याकडं धाडला असन, अन् हा त्याच्या सोबतीचा मानूस."

मी खुलासा केला. तो कोणी मानला नाही. सोबतीचा माणूस असेच बोलणार. एक म्हातारा म्हणाला की पाहुणा घरी बिमार आला तर त्याला तसाच परत पाठवणे तांड्याला शोभत नाही. दुसऱ्याने विचारले की याला झाले काय असेल. नाईकाने निदान सांगितले.

"याची धुंड झाली नाई. धुंड नाई झाली का मानूस असाच राह्यते. कुडात उंदीर हालला तरी भेते."

धुंड म्हणजे काय ते मला थावरूने समजावले. वर्षभरात तांड्यात जन्मलेल्या मुलाचा तो विधी. होळी जळून झाली की सकाळी आई मुलाला घेऊन बसते, वर एक आडवी काठी धरतात, आणि गेरिये, म्हणजे होळीची कामे करणारी तांड्याची जवान पोरे, तिच्यावर आपल्या काठ्या वाजवत आशीर्वादाची गाणी म्हणतात. त्या आवाजाने पोर भीत नाहीसे होते आणि तांड्याचे होते. मामांची धुंड करायचे ठरले. अडचण एकच निघाली की आई म्हणून कोण बसणार. नाईकाची बायको म्हणाली की दुपारभर ज्याला राखेत हात घालून चूल दाखवली, भाकर दिली, त्याची आई आणखी कोण असणार. कोणीतरी हळूच म्हणाले की धुंड व्हायला आधी होळी जळावी लागते.

मी येऊन मामांना सांगितले. सकाळच्या गाडीने परत जाऊ, असेही म्हणालो. ते बाजेवर पाय वर घेऊन बसले होते, कारण खाली किडा होता. त्यांनी सगळे ऐकले.

"जाऊ नका, जावईबापू," ते म्हणाले. "यांना कोणीतरी बिमार हवं आहे. मी झालो तर ती जागा तिला राहत नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले की काठ्या आडव्या काठीवरच मारतात ना, आणि पोरांचा नेम कसा आहे.

बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते. होळीच्या दिवशी उजाडण्याआधी सगळा तांडा माळावर जमला. गेरियांनी आणलेली लाकडे आणि पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. पोरे लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गात होती, पण आवाज नेहमीचा नव्हता, असे थावरूने नंतर सांगितले. सगळ्यांचे लक्ष एका बाजूला होते. गमली घागर घेऊन आली होती. तिला कोणी अडवले नाही. नाईकाने तसे बजावले होते. तिच्या शेजारी मामा उभे होते, किंवा त्यांना उभे केले होते. त्यांच्या अंगावर थावरूची घोंगडी होती. थावरू माणसांच्या शेवटच्या रांगेत होता. त्याने गाडीला बैल जुंपून ठेवले होते. कशासाठी, हे मी विचारले नाही.

होळी पेटली. पऱ्हाट्या वाळलेल्या असल्यामुळे जाळ एकदम माणसाच्या वर गेला आणि वाऱ्याने ठिणग्या आमच्या अंगावरून तांड्याच्या दिशेने जाऊ लागल्या. गमलीने घागर कमरेवरून उचलून दोन्ही हातांत घेतली. लेंगी थांबली. मी तिच्यापासून काही हातांवर होतो आणि पुढचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले.

मामा म्हणाले, "ओत. बाई, ओत तू. छपरं पेटतील."

गमलीने त्यांच्याकडे पाहिले. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तिच्या घागरीला हात घातला. तिने घागर त्यांच्या हातातून सोडवून घेतली आणि दुसऱ्या बाजूच्या कमरेवर ठेवली.

"थांबा," ती म्हणाली. "जळू द्या तिले. तुमची धुंड व्हायची हाये. मी हाव ना अठी."

मामांनी आणखी एकदा ओत म्हटले. तिने मोकळ्या हाताने त्यांचे मनगट धरले आणि जाळ खाली बसेपर्यंत धरून ठेवले. तिच्या ओढणीवरच्या आरशांत होळी दिसत होती. एक ठिणगी जवळच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाकडे गेली तेव्हा तिने मामांना ओढतच तिथपर्यंत नेले, घागर जरा कलती करून त्या ठिणगीवर पाणी टाकले आणि परत आणून उभे केले. होळीवर पाणी पडले नाही. पूर्वेला फटफटले तेव्हा गेरियांनी पुन्हा लेंगी धरली. मी मागे पाहिले तर थावरू बैल सोडत होता.

धुंड सकाळी थावरूच्या दारात झाली. पन्नाशी ओलांडलेले, चष्मा लावलेले, डोक्यावर टक्कल असलेले गृहस्थ घोंगडीवर मांडी घालून बसले आणि त्यांच्या मागे त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान असलेली त्यांची आई. गाण्यात बाळ मोठे होवो, बैल राखो, शंभर माणसांत उठून बोलो, असे आशीर्वाद होते, असे मला सांगण्यात आले. काठ्यांचा पहिला आवाज झाला तेव्हा मामांनी डोळे मिटले आणि ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. एका काठीचा नेम चुकून ती आडव्या काठीवरून घसरली, तेव्हा गमलीने मध्ये हात घालून त्या पोराला आपल्या बोलीत असे काही सुनावले की बायांत हशा पिकला. ती स्वतः हसली की नाही, हे मला दिसले नाही. विधी संपल्यावर नाईकाने मामांना विचारले, आता कसे वाटते. मामा म्हणाले, थोडे बरे वाटते, पण पूर्ण नाही. नाईकाला हे उत्तर पटले. तो म्हणाला की उशिरा झालेल्या धुंडीचा गुण उशिराच येतो.

परतीच्या गाडीत मी मामांना विचारले की घागरीला हात घातला तो उपचार होता की खरोखर भ्यालात. ते खिडकीबाहेर पाहत होते. तिकडेच पाहत म्हणाले, "छापणार तर नाही ना?" मी माझ्या दैनिकाला एका ओळीची बातमी पाठवली की घाटंजी भागात होळी शांततेत पार पडली. ती आतल्या पानावर आली.

गमलीला कुठे पाठवले नाही. नंतरच्या महिन्यांत थावरू यवतमाळला येई तेव्हा सांगे की ती दुसऱ्यांच्या चुलींकडे जात नाही, आपली मात्र विझवते. मग सांगू लागला की रात्री विझवते. मग त्याने ते सांगणे सोडून दिले आणि बैलांविषयी बोलू लागला. मामा त्यानंतरही पाल पाहून खुर्चीवर चढत. फरक इतकाच झाला की तांड्याने त्यांना आपल्या पोरांत धरले. बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी येऊन डॉक्टर जेवतो का, झोपतो का, एकटाच राहतो का, अशी चौकशी करून जाई, आणि गमलीने पाठवलेली तुरीची डाळ देऊन जाई. मामा ती डाळ आमच्याकडे आणत आणि ती शिजेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात बसून राहत. "आमच्या तांड्यावरची," असे म्हणत. ते दुसऱ्या कशालाही आमचे म्हटल्याचे मला आठवत नाही.

१९६५ सालच्या उन्हाळ्यात मामा वारले. आठवडाभर ताप होता. आम्ही त्यांना आमच्या घरी आणले होते. पुढच्या महिन्यात कामासाठी घाटंजीला गेलो तेव्हा तिथून तांड्यावर गेलो. थावरू शेतावर होता. गमलीला बातमी आधीच कळली होती. तिने मला बाजेवर बसवले आणि स्वतः खाली बसली. थोडा वेळ आम्ही दोघेही समोरच्या छपरांकडे पाहत होतो. मग तिने विचारले, "भेले काय?"

मी सांगितले की भ्याले.

"जोळ कोन होतं?"

मी होतो, त्यांची भाची होती, असे सांगितले. तिने मान हलवली. उठून आत गेली, चूल पेटवली, चहा केला. सासू आता नव्हती. चहा झाल्यावर मी निघालो. गमली मला पोचवायला तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत आली आणि गाडी वाटेला लागेपर्यंत तिथे उभी राहिली. घरात चूल पेटलेली होती.